छात्राध्यापकाचा पहिला पाठ

माध्यमिक वर्ग जोडलेल्या शाळांत बी.एड.चे छात्राध्यापक सराव पाठांसाठी येतात, तेव्हा आपले काम हलके झाले अशी समजूत शिक्षकबंधूंत पुष्कळदा दिसते. वास्तविक त्या दिवसांत ते वाढते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी वीस आठवडे ठेविले. हे आठवडे कसे जातील, ते बहुधा पहिल्या पस्तीस मिनिटांतच ठरते.

भामरागड तालुक्यातील नववीच्या एका वर्गात असा पहिला पाठ मी पाहिला. विषय भूगोल, घटक नद्या. छात्राध्यापक शहरातून आलेले, तयारी उत्तम. 'तुमच्या परिसरातून कोणत्या नद्या वाहतात?' हा प्रस्तावनेचा प्रश्न टाचणात होता व समोर अपेक्षित उत्तरही सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. ते उत्तर आले नाही. त्यांनी प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारला, मग स्वतःच उत्तर दिले, आणि पुढील प्रत्येक प्रश्नाची तीच गत झाली. अठराव्या मिनिटाला पाठ संपला. तास मात्र उरला. वर्गात कोणी गलबलाही केला नाही, हेच त्यांना अधिक लागले असावे.

हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या शिष्यांनी घालून दिलेल्या पंचपदीची छाया आपल्या टाचणांवर अद्याप आहे. तीत मुलाचे उत्तर गृहीत धरलेले असते. ते येण्यास लागणारा वेळ कोठेच लिहिलेला नसतो. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास वर्गांतील संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासली. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद थांबू लागताच उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली, एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. आपल्याकडे तीन सेकंदही थोडेच. माडिया व गोंडी या द्राविडी कुळातील भाषा. मराठीपेक्षा तेलुगूशी त्यांचे नाते जवळचे. ज्याच्या घरी अशी भाषा आहे ते मूल प्रश्न ऐकते, तो आपल्या भाषेत नेते, तेथे उत्तर शोधते व मग मराठीत आणते. तोवर गुरुजींचा तिसरा प्रश्न येऊन ठेपलेला असतो.

उरलेल्या वेळात त्या छात्राध्यापकांनी जे केले, ते टाचणात नव्हते. त्यांनी फळ्यावर गोदावरी व इंद्रावती यांच्या रेघा काढल्या, सोमनूरचा संगम दाखविला आणि खडू पुढल्या बाकावरील मुलीच्या हाती दिला. 'तुझ्या गावचा नाला येथे कोठे येईल?' मग ते थांबले; बहुधा पुढे काही सुचेना म्हणून. मुलीने बऱ्याच वेळाने पर्लकोटा काढली, तिला मिळणारा नाला काढला व त्याचे घरचे नाव सांगितले. रेघ चुकली, असे मागून कोणी म्हणाले. पामुलगौतमी राहिली, म्हणून दुसरा उठला. पर्लकोटेचे पाणी पुलावर आले की रस्ता बंद होतो, हे तिसऱ्याने सांगितले. आणि इंद्रावती भरलेली असली म्हणजे पर्लकोटेचे पाणी पुढे न जाता मागे फुगते, हेही त्यानेच सांगितले. टाचणातील संगमाच्या व्याख्येत एवढे ज्ञान नव्हते. निरीक्षणपत्रकात या सतरा मिनिटांसाठी रकाना नव्हता, ही गोष्ट निराळी.

छात्राध्यापकास पाठापूर्वी काही दिवस वर्गात नुसते बसू द्यावे. कोणत्या मुलाच्या घरी कोणती भाषा आहे, ते त्यास सांगावे. एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्यास तेलुगू, मुलचेऱ्यास बंगाली, जिवतीकडे गोंडी व कोलामी. पाठ चालू असता मागून 'अरे, सांग ना!' असे म्हणू नये. त्याने मूल तर बोलत नाहीच, छात्राध्यापकाचाही धीर जातो. चूक मुलांदेखत सुधारू नये. पाठानंतर दहा सूचना देण्यापेक्षा एकच विचारावे: 'त्या प्रश्नानंतर आपण किती थांबलात?'

प्राथमिक शिक्षकांस हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही. नववीत गप्प राहणारे मूल पुष्कळदा पहिलीतच गप्प राहावयास शिकलेले असते. तेथे मुलाने घरच्या भाषेत उत्तर दिले, तर ते उत्तर म्हणूनच घ्यावे. मराठी शब्द मागाहून द्यावा, आणि मुलाचा शब्दही फळ्यावर त्याच्या शेजारी लिहावा.