परक्या महानगरातील पहिली संध्याकाळ

परदेश प्रवासाची तयारी म्हटली की पारपत्र, व्हिसा, तिकीट, विमा आणि उबदार कपडे ही यादी बहुतेक घरांतून तोंडपाठ असते. एकट्याने निघणाऱ्या प्रवाशाची यादी मात्र एवढ्यावर संपत नाही. बरोबर कोणी असले की त्याच्यापाशी आपोआपच दुसरे पाकीट असते, दुसरा भ्रमणध्वनी असतो आणि फलक वाचायला आणखी दोन डोळे असतात. एकाचे कार्ड चालले नाही तर दुसऱ्याचे चालते. एकट्या प्रवाशाला हा ‘दुसरा’ घरून निघण्यापूर्वीच, व्यवस्थेच्या रूपाने, उभा करावा लागतो. तो उभा केला आहे की नाही, याची परीक्षा सहसा पहिल्याच संध्याकाळी होते.

उदाहरणादाखल इंदूरच्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंची कल्पना करावी. वय ६२. ज्या शहरावरची पुस्तके आयुष्यभर वाचकांना काढून दिली, ते लंडन पाहण्यासाठी त्या नोव्हेंबर महिन्यात एकट्याच निघाल्या आहेत. हीथ्रो विमानतळावरील तपासणी आटोपून त्या बाहेर येतात तेव्हा घड्याळात साडेसहा वाजलेले असतात. नोव्हेंबरात तेथे चार-साडेचारलाच सूर्य मावळतो. म्हणजे बाहेर पूर्ण अंधार. इंदूरला त्या क्षणी मध्यरात्र झालेली असते. घरची मंडळी झोपलेली, बँकेची शाखा बंद. अशा वेळी त्या गाडीच्या प्रवेशद्वारावरील यंत्राला कार्ड लावतात आणि यंत्र ते नाकारते.

खात्यात पैसे पुरेसे आहेत, कार्डही नवे आहे. दोष निराळाच आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० मधील निर्देशांनुसार नवे कार्ड देताना ते केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रे यांवर चालेल असेच दिले जाते. परदेशातील वापर, ऑनलाइन वापर आणि यंत्राला नुसते टेकवून होणारा वापर या तिन्ही सोयी ग्राहकाने स्वतः सुरू करावयाच्या असतात आणि त्यांची मर्यादाही स्वतःच ठरवावयाची असते. कार्ड चोरांच्या हाती पडले तर हानी मर्यादित राहावी, हा त्यामागील हेतू. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे. पण तो ठाऊक नसलेल्या ग्राहकाला हीथ्रोवर तो अडथळ्यासारखा भासतो. बँकेच्या ॲपवरून ही सोय तेथूनही सुरू करता येते, हे खरे. मात्र त्यासाठी इंटरनेट हवे आणि पडताळणीचा संदेश भारतातील क्रमांकावर येत असेल तर त्या क्रमांकाचे रोमिंगही चालू हवे. परदेशी सिम घेताना भारतीय सिम काढून घरी ठेवणारे प्रवासी नेमके येथेच अडकतात.

बाईंनी दोन गोष्टी केलेल्या असतील, तर हा प्रसंग पाच मिनिटांत मिटतो. पहिली म्हणजे दुसरे कार्ड, आणि तेही पहिल्याच्या शेजारी न ठेवता वेगळ्या पिशवीत ठेवलेले. आगाऊ रक्कम भरलेले परकीय चलन कार्ड यासाठी सोयीचे पडते. त्यात भरलेल्या पौंडांचा दर भरतेवेळीच निश्चित होतो आणि ते बचत खात्याला थेट जोडलेले नसल्याने हरवले तरी मूळ ठेवीला धक्का लागत नाही. कार्डात डॉलर भरून ते लंडनमध्ये वापरले तर चलन बदलण्याचा आकार पुन्हा लागतो, म्हणून पौंडच भरावेत. दुसरी गोष्ट म्हणजे थोडी रोकड. नियमानुसार बहुतेक देशांच्या एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकी डॉलर मूल्यापर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात. इतक्या नोटा अंगावर बाळगण्यात मात्र शहाणपण नाही. दोन दिवसांच्या खर्चापुरत्या पुष्कळ होतात.

या नोटांचीही एक गंमत आहे. पूर्वी कोणी नातेवाईक लंडनला जाऊन आलेले असतात आणि त्यांच्या कपाटात उरलेले पौंड ते मोठ्या आपुलकीने हाती ठेवतात. पण इंग्लंडमधील कागदी नोटा टप्प्याटप्प्याने चलनातून काढण्यात आल्या. पाच पौंडांची कागदी नोट २०१७ मध्ये, दहाची २०१८ मध्ये आणि वीस व पन्नासच्या ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून गेल्या. आता दुकानांत पॉलिमरच्याच नोटा चालतात. कागदी नोट फुकट गेली असे मात्र नव्हे. बँक ऑफ इंग्लंड ती बदलून देते. थ्रेडनीडल स्ट्रीटवरील त्या इमारतीतच बँकेचे विनामूल्य संग्रहालय आहे, त्यामुळे फेरी वाया जात नाही. फक्त पहिल्या संध्याकाळच्या खर्चासाठी त्या नोटांवर विसंबू नये.

पैशाइतकेच महत्त्व पत्त्याला आहे. बाईंचे हॉटेल ‘एजवेअर रोड’ स्थानकाजवळ आहे, असे धरू. हे स्थानक शहराच्या मध्यभागी, पॅडिंग्टनहून अवघ्या एका थांब्यावर आहे. परंतु नुसते ‘एजवेअर’ नावाचेही एक स्थानक आहे आणि ते नॉर्दर्न मार्गाच्या पार उत्तर टोकाला आहे. नावातील एक शब्द गळला की अंधारात, सामानासह, शहराच्या कडेला उतरण्याची पाळी येते. त्यात ‘एजवेअर रोड’ नावाचीच दोन वेगवेगळी स्थानके जवळजवळ आहेत, ती गोष्ट निराळी! १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झालेल्या या भुयारी रेल्वेत अशा गाठी बऱ्याच आहेत. म्हणून हॉटेलचे नाव, रस्ता, पोस्टकोड, उतरण्याचे स्थानक आणि मार्गाचे नाव हे सर्व कागदावर, ठळक अक्षरांत लिहून खिशात ठेवावे. भ्रमणध्वनीची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. शिवाय रस्त्याच्या कडेला फोनमध्ये मान घालून उभ्या असलेल्याच्या हातून सायकल वा मोटारसायकलवरून फोन हिसकावून नेण्याचे प्रकार लंडनमध्ये घडतात. मार्ग पाहावयाचा तर भिंतीकडे सरकून किंवा एखाद्या दुकानात शिरून पाहावा.

कार्ड लावून प्रवास करताना एक पथ्य पाळावे. ज्या कार्डाने आत शिरले, त्याच कार्डाने बाहेर पडावे. तेच कार्ड फोनमध्ये जोडलेले असले, तरी फोन आणि प्लॅस्टिकचे कार्ड यांना यंत्रणा दोन निराळे प्रवासी समजते. मग दोन्ही प्रवास अपूर्ण ठरतात, अधिक भाडे कापले जाते आणि दिवसभराच्या भाड्याला असलेल्या कमाल मर्यादेचा लाभही हुकतो. बसमध्ये चढताना एकदाच कार्ड लावायचे असते. तेथे रोख पैसे जुलै २०१४ पासून घेतले जात नाहीत.

हॉटेलच्या स्वागतकक्षात दोन प्रसंग संभवतात. अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर रोखून धरली जाते आणि ती मोकळी व्हायला काही दिवस लागतात. ती परकीय चलन कार्डावर रोखली गेली तर हाती खर्चायला रक्कम उरत नाही, याचा हिशेब आधीच करावा. दुसरा प्रसंग यंत्राच्या पडद्यावर घडतो. रक्कम पौंडांत द्यायची की रुपयांत, असे ते विचारते. परक्या मुलखात रुपयाचे चिन्ह पाहून मन ओढ घेते. पण तो दर आपली बँक ठरवीत नाही, दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा आपला नफा मिळवून ठरवते. पौंड हाच पर्याय निवडावा.

कार्ड खरोखरच हरवले तर ते तत्काळ बंद करावे. भारतातील १८०० ने सुरू होणारे निःशुल्क क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाहीत, त्यामुळे बँकेचा +९१ ने सुरू होणारा साधा क्रमांक त्याच कागदावर हवा. ग्राहकाने बँकेला कळविल्यानंतर होणाऱ्या गैरव्यवहाराची झळ ग्राहकाला बसू नये, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच घालून दिले आहे. म्हणून कळविण्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवणे अगत्याचे. तेथील पोलीस व रुग्णवाहिकेसाठी ९९९ हा क्रमांक आहे. पारपत्र हरवल्यास ऑल्डविच येथील इंडिया हाउस, म्हणजे भारतीय उच्चायुक्तालय, गाठावे लागते. परत आल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेत जमा करावयाचे असते. २,००० डॉलर मूल्यापर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवण्यास मुभा आहे.

बाईंनी खोलीवर पोहोचताच ‘पोहोचले’ एवढाच संदेश घरी पाठविला आहे. रोज रात्री असाच संदेश येईल आणि तो सकाळपर्यंत आला नाही तर लेकाने हॉटेलला फोन करावा, असे निघण्यापूर्वीच ठरले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर पाहावयाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनमध्ये शिकत असताना तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. जवळचे स्थानक चॉक फार्म. फलाटावर गाडी येते आणि तिच्या माथ्यावर अक्षरे असतात ‘एजवेअर’. बाई क्षणभर थबकतात, पिशवीतला कागद काढून मार्गाचे नाव ताडून पाहतात आणि गाडीत चढतात.