दगडाचे पाणी

मोत्याला पाणी असते, हिऱ्याला असते, तलवारीलाही असते. तेथे पाणी म्हणजे तेज. परंतु एक दगड असा आहे की ज्याच्या पोटात खरोखरीचे पाणी असते. तो म्हणजे ओपल. संस्कृतात ‘उपल’ म्हणजे दगड. तोच शब्द ग्रीक-लॅटिनमधून फिरत फिरत ‘ओपल’ झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. गार, अकीक आणि ओपल ही एकाच सिलिकेची भावंडे. मात्र ओपलमध्ये वजनाच्या साधारण ३ ते १० टक्के पाणी अडकून राहिलेले असते. गेली दोन वर्षे सुट्टीत हे दगड घासून त्यांना झिलई देण्याचा नाद मला लागला आहे, आणि त्यात मी जे काही शिकलो ते बहुतेक या पाण्यापाशीच येऊन थांबते.

आमचे गाव माण तालुक्यात. विहीर खणताना मुरूम संपून काळा पाषाण लागला की मधूनच पांढऱ्या, निळसर गाठी निघतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना त्यातील वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्यांत झिरपले आणि थर धरून बसले. बहुतेक गाठी अकीकाच्या किंवा स्फटिकाच्या असतात. क्वचित एखादी दुधाळ, मेणासारख्या तकाकीची आणि हाताला हलकी लागते. ती ओपलची. अकीकाची घनता २.६ च्या आसपास, तर ओपलची २.१ च्या आसपास. एका हातात हा व दुसऱ्या हातात तो घेतला की फरक कळतो.

ऑस्ट्रेलियातील ओपलमध्ये इंद्रधनुष्याचे रंग खेळतात. त्याचे कारण १९६४ साली तेथील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे एकसारख्या आकाराचे असून ओळीने रचलेले असतात आणि त्यांच्यामधून प्रकाश फुटतो. आमच्या विहिरीतल्या गाठींत ते रंग मला कधी दिसले नाहीत. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. नीट घासलेल्या साध्या ओपलच्या आत उजेड जिरल्यासारखा दिसतो. अकीकात तसे होत नाही.

सांगलीस कॉलेजात आल्यावर हरिपूरच्या संगमावर, कृष्णा-वारणेच्या काठी, मी पुष्कळ हिंडलो. तेथे मला अकीकाचे गोटे मिळाले, ओपल मात्र एकही नाही. अकीकाचा कठिणपणा ६.५ ते ७, ओपलचा ५.५ ते ६.५. नदीच्या घासाघाशीत कोण टिकणार, हे उघडच आहे. याच अकीकाच्या जातीच्या कॅल्सेडोनीची पाती आपल्याकडे ताम्रपाषाणयुगातही होत असत. नेवाशाला १९५४ साली सुरू झालेल्या उत्खननात तशी पाती सापडली आहेत. तेव्हा दगड घासण्याचा हा नाद अगदीच नवा नाही!

यंत्र माझ्याकडे नाही. एका काचेवर वॉटर पेपर पसरतो. प्रथम १२० नंबरचा, मग २२०, ४००, ६०० आणि शेवटी १२०० चा. आधीच्या कागदाचा एकही ओरखडा शिल्लक असेल तर पुढे जायचे नाही, कारण झिलई आल्यावर तोच ओरखडा दहापट दिसतो. शेवटी नमद्याच्या तुकड्यावर सेरियम ऑक्साइडचा ओला लेप. चष्म्याच्या भिंगांना झिलई देतात तीच ही पूड. बोरीएवढ्या दगडाला मला तीन-चार दिवस लागतात.

पहिला ओपल मी घालवला. खंबायतचे कारागीर अकीक राखेत भाजून त्याला लाल रंग आणतात, हे मी वाचले होते. शिवाय लाखेने दगड काडीला चिकटवायचा तर तो थोडा तापवावा लागतो. म्हणून नुकत्याच विहिरीतून निघालेली एक सुरेख गाठ तव्यावर ठेवली. टिक्‌ असा बारीक आवाज झाला आणि आरपार जाळी पडली. आतले पाणी गेले आणि दगडही गेला. अकीकाला सोसते ते ओपलला सोसत नाही. आता मी लाख वापरत नाही. दगड बोटांतच धरतो आणि बोटाला ऊब जाणवली की थांबतो. ताजी गाठही घेत नाही. जुन्या विहिरीच्या कडेला, दगडांच्या ढिगावर वर्षानुवर्षे उन्हात पडूनही जी तडकली नाही, तीच निवडतो. जी तडकायची ती तेथेच तडकून गेलेली असते.

राहिले बाहेरचे पाणी. खंबायतच्या याच धंद्यात सिलिकोसिसने अनेक कारागिरांची फुप्फुसे निकामी झाली. सिलिकेची बारीक धूळ श्वासाबरोबर खोल जाते, तेथेच रुतते आणि भोवतीचे फुप्फुस निबर करते. या रोगावर उतार नाही. हे मी पुस्तकात वाचले, ते घरी पाहिल्यानंतर. माझे वडील वीस वर्षे विहिरींच्या कामावर कॉम्प्रेसरने सुरुंगाची भोके मारीत होते, कोरडीच. आता त्यांना घराची पायरी चढतानाही दम लागतो. ज्या कणांनी त्यांची छाती भरली, त्याच कणांशी मी हौसेने खेळतो, हे मला पहिले काही महिने त्यांच्यासमोर करवत नसे.

एके दिवशी मी घाईत कोरडाच दगड घासत होतो. तात्या आतून आले, काही न बोलता कळशीतले पाणी काचेवर ओतले आणि म्हणाले, “कोरडं घासायचं न्हाई. आन्‌ हा गाळ वाळू द्यायचा न्हाई.” दुसरी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. ओला गाळ वाळला की त्याची पुन्हा धूळच होते, आणि मी तो सकाळी केरसुणीने झाडत असे!

आता काम संपले की काच, कागद, ओटा सारे ओल्या फडक्याने पुसून घेतो. फडके त्याच कळशीत पिळतो आणि ते पाणी परसात एका खड्ड्यात ओतून वर माती लोटतो. तात्या पायरीवर बसून पाहतात. मागच्या सुट्टीत त्यांनी त्यांच्या जुन्या कामावरची एक गाठ मला आणून दिली. बारा वर्षे ती गोठ्याच्या भिंतीवर पडून होती. तिला एकही तडा नाही. अजून मी ४०० नंबरवर आहे.