मनगटावरचा हिशेब

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे जी मंडळी धावावयास येतात, त्यांचे लक्ष हल्ली वाटेपेक्षा मनगटाकडे अधिक असते. फेरी संपली की हात वर करून घड्याळातला आकडा पाहावयाचा आणि शेजारच्यास सांगावयाचे, "दोनशे दहा जळल्या!" जळल्या म्हणजे कॅलरी. हा आकडा येतो कोठून, हा प्रश्न मला एरवी पडला नसता. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. परंतु गेल्या ऑगस्टमध्ये माझी एक मैत्रीण याच मैदानावर चक्कर येऊन पडली. तिला सावलीत बसवून पाणी पाजताना कळले की ती महिनाभर या आकड्यावरून जेवत होती.

ती पोलीस भरतीची तयारी करते. ८०० मीटरची वेळ सुधारायची तर वजन उतरले पाहिजे, असे तिने मनाशी ठरवले आणि 'कमवा आणि शिका' योजनेच्या पैशांतून घड्याळ घेतले. दिवसभरात जेवढ्या कॅलरी खर्च झाल्या असे घड्याळ सांगेल, त्याहून चारशे कमी खावयाच्या, असा तिचा हिशेब. वजाबाकी बरोबरच होती. पण ती रोज गावाहून सात किलोमीटर सायकलने येते आणि तेवढीच परत जाते. सायकलवर हात मुठीवर धरलेला असतो, तो हलत नाही. 'आता सायकल' असे बटण दाबून सांगितले नाही, तर तिच्या त्या स्वस्तातल्या घड्याळाच्या लेखी ती तेवढा वेळ खुर्चीत बसलेली असे. जे खर्च झाले ते जमाखर्चात आलेच नाही, आणि ते तिच्या ताटातून कमी झाले.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. जाणकारांना त्यात नवे काही नसेल, परंतु मनगटावर पट्टा बांधून फिरणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना ते ठाऊक असावे असे वाटते.

एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात कॅलरी म्हणतात. खरे नाव किलोकॅलरी. म्हणजे हे उष्णतेचे माप आहे, आणि ते खरोखर घ्यावयाचे तर उष्णताच मोजली पाहिजे. फ्रान्समध्ये लव्हॉझिए आणि लाप्लास यांनी १७८० नंतरच्या काही वर्षांत तेच केले. बर्फाने वेढलेल्या पात्रात त्यांनी एक गिनीपिग ठेवला, आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने वितळून किती पाणी झाले ते मोजले. पुढे अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल एवढी खोलीच बांधली, आणि आतल्या माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. आता प्रयोगशाळेत नाकातोंडावर मुखवटा लावून माणूस किती प्राणवायू घेतो हे पाहतात. एक लिटर प्राणवायूमागे सुमारे पाच किलोकॅलरी, असे ते गणित आहे.

घड्याळ यांतले काहीच करीत नाही. ते उष्णता मोजत नाही, श्वासही मोजत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात. एक, मनगट किती हलले. दुसरी, नाडी. त्याच्या पाठीवर जो हिरवा दिवा लुकलुकतो तो कातडीखालच्या रक्तावर पडतो. ठोक्यागणिक रक्त वाढले की परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. या दोहोंत आपण भरलेले वय, वजन, उंची मिसळून एका सूत्राने जो आकडा काढला जातो, तो म्हणजे आपल्या 'जळलेल्या' कॅलरी. आणि नाडी तर उन्हानेही वाढते, चहानेही वाढते, तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर उभे राहिल्यानेही वाढते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणे तपासली. २९ पुरुष आणि ३१ स्त्रिया यांना ती बांधून चालवले, धाववले, सायकल चालवावयास लावले, आणि बरोबरीने मुखवट्याने प्राणवायूही मोजला. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. हे कौतुकास्पदच म्हणावे लागेल. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. त्यानंतर नवी उपकरणे आली आहेत हे खरे. पण उष्णता मोजण्याचे साधन त्यांच्याही पोटात नाही.

मोबाइलवरील ॲपचा प्रकार आणखी निराळा. तेथे बहुधा कोष्टक असते. स्वस्थ बसल्यावर किलोमागे तासाला एक किलोकॅलरी धरावयाची आणि कामाप्रमाणे तिची पट करावयाची. झपझप चालणे म्हणजे सुमारे साडेतीन पट. ६० किलोची व्यक्ती अर्धा तास चालली की १०५. त्यांतल्या ३० ती बसून राहिली असती तरी लागल्याच असत्या, हे कित्येक ॲप सांगत नाहीत. शिवाय ही 'एक'ची पट्टी सर्वांना सारखी बसत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६९ प्रौढांचा विश्रांतीतला प्राणवायू मोजला, तेव्हा किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर हे गृहीत धरलेले माप प्रत्यक्षात सरासरी २.६ भरले.

दिवाळीआधी मी मैत्रिणीचे घड्याळ मागून गावी नेले आणि एक दिवस आईच्या हातात बांधले. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या रानात भुईमूग खुरपावयास गेली होती. सकाळी विहिरीवरून डोईवर हंडा आणताना हात हंड्याला, म्हणून ती पावले जवळजवळ नोंदलीच गेली नाहीत. हंड्याचे वजन घड्याळाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे सहा तास उकिडवे बसून खुरपणी. खुरपे उजव्या हातात, घड्याळ डाव्या हातात. संध्याकाळी पाहिले तर हालचालीने खर्च झालेल्या कॅलरी १६०. महाविद्यालयात तासांना बसून आणि ग्रंथालयात झोपा काढून माझ्या याहून जास्त भरतात. कोष्टकात तण काढण्यास साडेतीन ते पाच पट धरतात. आईचे ५० किलो वजन आणि साडेतीनच पट धरून, बसल्या जागी लागणाऱ्या वजा घातल्या, तरी सहा तासांच्या ७५० होतात. कोष्टक घड्याळाहून फार खरे आहे असे नाही, हे वर आलेच आहे. तरी १६० कोठे आणि ७५० कोठे! मी आकडा वाचून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "मग दिसभर मी काय बसून हुते?"

अर्थशास्त्राच्या तासाला दारिद्र्यरेषा शिकताना हे मला पुन्हा आठवले. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागात माणशी रोज २४०० आणि शहरात २१०० कॅलरी धरल्या. खेड्यातला माणूस अंगमेहनत करतो म्हणून त्याला तीनशे अधिक. (पुढे २००९ मध्ये तेंडुलकर समितीने ही कॅलरीची पट्टी सोडून दिली.) त्या जुन्या कागदाने आईच्या खुरप्याला निदान काही जागा ठेवली होती. घड्याळाच्या यादीत धावणे आहे, योगासने आहेत, मी कधी न पाहिलेले दोनतीन खेळही आहेत. खुरपणी नाही.

घड्याळ टाकून द्यावे असे माझे म्हणणे नाही. त्याच वाटेवर, तेच अंतर धावताना आज नाडी मागच्या महिन्यापेक्षा कमी राहिली का, हे ते चांगले सांगते, आणि माझी मैत्रीण आता त्याचा तेवढाच उपयोग करते. भाकरी पूर्वीसारखी खाते. नोव्हेंबरात तिची ८०० मीटरची वेळ सहा सेकंदांनी उतरली.

माझ्या प्रयोगात एक मोठी चूक राहिली, ती येथे सांगितली पाहिजे. घड्याळात वय आणि वजन मैत्रिणीचेच होते, ते मी बदलले नाही. आईचे वय-वजन भरून आणि घड्याळ उजव्या हातात बांधून तो पुन्हा करावयाचा आहे. मैत्रीण घड्याळ देईल. आई मात्र म्हणते, खुरप्याच्या हातात तसलं काही नको, कामाला आडवं येतं.