जुन्या घरातली न्हाणी आणि सैपाकघर: पैसा कुठे लागतो, कुठे वाचतो

रामपायली-वाराशिवनी भागातल्या जुन्या घरात सुधारणा करायची म्हटलं की घरात पहिली चर्चा टाइल्सच्या रंगावर होते. हिशोब मात्र घराच्या मागून, सांडपाणी जिथे जातं तिथून मांडायला हवा. दीड-दोन फूट जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू, पुढे छपरी आणि मागे अंगणात विहीर, अशी ही घरं बांधली तेव्हा आंघोळ अंगणातल्या दगडावर होत होती आणि भांडी विहिरीजवळ घासली जात होती. आता नळ घरात आला. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे, म्हणजे पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. पिण्या-रांधण्यापुरतं सोडलं तर हे सगळं पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ते भिंतीच्या पायथ्याशी मुरत राहिलं तर माती भुसभुशीत होते, वाळवी लागते आणि खांबाचं बूड कुजतं. मग न्हाणीचे ऐंशी हजार वाचवायला गेलेल्या घरात भिंतीवर दीड लाख घालायची वेळ येते.

म्हणून पहिला सल्ला असा, की मातीच्या मूळ घरात संडास-न्हाणी काढू नका. मागच्या बाजूला घराला लागून विटांची वेगळी खोली काढा आणि छपराखालून जायला वाट ठेवा. मातीच्या भिंतीला ही खोली टेकत असेल तर त्या बाजूलाही साडेचार इंची विटांची भिंत वेगळी उभी करा. मातीवर सिमेंट धरत नाही. त्यावर लावलेली टाइल पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्यासकट सुटते, आणि सुटली नाही तरी आतली ओल कोंडून भिंत पोखरते.

काम ठरवण्याआधी एक परीक्षा घरच्या घरी करा, तिला पैसा लागत नाही. शोषखड्डा जिथे आणि जितका खोल घ्यायचा आहे, तिथे तळाशी फूटभर रुंद-खोल भोक घ्या. संध्याकाळी पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा सहा इंच पाणी भरा, काडीवर खूण करा आणि पाणी इंचभर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. तासाभरातही उतरलं नाही तर साधा खड्डा तुंबणार, हे आधीच समजून चला. कन्हार जमिनीत असंच होतं. तिथे उथळ, लांब चर खणून त्यात गिट्टी आणि भोकाचा पाइप घालावा लागतो. चंदन नदीच्या काठाकडची रेताड जमीन असेल तर पाणी झटकन मुरतं, पण तितक्याच झटकन विहिरीतही पोचू शकतं. विहीर किंवा बोअर खड्ड्यापासून किमान ३० फूट, रेताड जमिनीत ५० फूट लांब हवी. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

संडासाच्या खड्ड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. स्वच्छ भारत मिशनच्या १२,००० रुपयांच्या मदतीत दोन खड्ड्यांचा संडास बसतो. साधारण मीटरभर रुंदीचे, जाळीदार विटांचे दोन खड्डे, मधे एक छोटी चौकट. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, तो भरला की चौकटीतून पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला बंद खड्डा दीड-दोन वर्षं तसाच राहिला की आतल्या मैल्याचं कोरडं खत होतं आणि ते फावड्याने काढता येतं. पुष्कळ घरांत मिस्त्रीच्या सांगण्यावरून एकच दहा-बारा फूट खोल टाका घेतला जातो, "कधी भरणारच नाही" म्हणून. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हा तो टाका आणि विहीर एकाच पाण्यात असतात. दोन उथळ खड्ड्यांना आठ ते बारा हजार लागतात, खोल टाक्याला त्याच्या दुपटीहून जास्त. तुमच्याकडे आधीचे दोन खड्डे चांगले असतील तर ते मोडू नका, नवी खोली त्यांच्याच जवळ काढा. आणि आंघोळीचं पाणी त्यांत सोडू नका, त्याला वेगळा शोषखड्डा हवा.

आता आकडे. पुढचे भाव आदमासे आहेत. वाराशिवनी, बालाघाट आणि गोंदिया अशा तीन ठिकाणी विचारून आणि भाड्याचा खर्च धरूनच ते पक्के करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकातला सिमेंटचा भाव तसाच मान्य करू नका.

आतून ५ बाय ७ फुटांची नवी न्हाणी आणि संडास एकत्र धरू. विटा सुमारे ८००, सहा रुपयांनी ४,८००. सिमेंट १८ चुंगड्या, ३५० च्या भावाने ६,३००. रेती-गिट्टी ५,०००. छोट्या स्लॅबचा लोहा आणि सेंट्रिंग ४,५००. मिस्त्रीचे ७०० आणि दोन रेजा-मजुरांचे ८०० मिळून रोजचे १,५०० होतात, १४ दिवसांचे २१,०००. दोन खड्डे १०,०००. टाइल्स आणि त्यांची लावणी ९,०००. पॅन, ट्रॅप, पाइप, नळ ९,०००. पीव्हीसीचं दार २,५००, ५०० लिटरची टाकी ३,५००, वीज २,०००. बेरीज साडेसत्त्याहत्तर हजारांच्या वर जाते. त्यावर १५ टक्के अडीअडचणीचे धरा, म्हणजे साधारण नव्वद हजार. विटांची न्हाणी आधीच असेल आणि फक्त फरशी, पॅन, पाइप आणि टाइल्स बदलायच्या असतील तर ३५ ते ४५ हजारांत काम होतं.

यात टाइल्सचा आकडा लहान दिसतो, त्याचं कारण आहे. या खोलीचा घेर २४ फूट. सात फुटांपर्यंत टाइल्स लावल्या तर दार वजा जाता भिंतीचे १५२ आणि जमिनीचे ३५ असे १८७ चौरस फूट होतात. तुटफूट दहा टक्के धरून २०५ फूट माल घ्यावा लागतो. चारच फुटांपर्यंत लावल्या तर १३३ फूट पुरतो. माल ४० रुपये आणि लावणी ३० रुपये फूट धरली तर जवळपास पाच हजारांचा फरक पडतो. आंघोळीच्या कोपऱ्यात तेवढ्या वर न्या, बाकी चार फूट पुरे. वाचलेले पाच हजार जमिनीखालच्या पाइपवर आणि जलरोधक थरावर घाला. जमिनीसाठी खरबरीत टाइल्सच घ्या. साबणाच्या पाण्यात चकचकीत टाइलवर म्हातारं माणूस पडलं तर त्या खर्चाचा हिशोबच मांडता येत नाही.

पॅन निवडताना पाण्याचा विचार करा. जास्त उताराच्या ग्रामीण पॅनला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, कमोडच्या टाकीला सहा ते दहा लिटर लागतं. नळ एक दिवसाआड येत असेल तर हा फरक रोज जाणवतो. घरात गुडघ्याचं दुखणं असेल तर कमोड जरूर बसवा, पण त्यासोबत भिंतीत पकडायला पक्का दांडा हवा, आणि दार बाहेर उघडणारं हवं, म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडत नाही. पाण्याची टाकी न्हाणीच्या नव्या स्लॅबवर ठेवा. भरलेली ५०० लिटरची टाकी अर्धा टन असते. जुन्या लाकडांवर ती चढवू नका.

टाइल्स लावण्याआधी एक दिवस काम थांबवा आणि पाणी भरून पाहा. जलरोधक थर वाळल्यावर नहाणी ट्रॅपच्या तोंडाला कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, उंबऱ्याशी मातीचा बांध घालायचा, जमिनीवर दोन इंच पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची. चोवीस तासांनी रेघेखाली केसभर उतरलं तर ते वाफेवर गेलं असं मानता येईल, पण अर्धा इंच उतरलं किंवा बाहेरच्या विटेवर ओल दिसली तर थर पुन्हा द्यावा लागेल. मग बोळा काढा आणि पाणी ट्रॅपकडे सगळीकडून वाहतं का ते पाहा. पाच फुटांना इंचभर उतार हवा. मिस्त्री म्हणेल याची गरज नाही. तरी करा. टाइल्स लागल्यावर हीच गळती शोधायला सगळं फोडावं लागतं.

सैपाकघराचं काम मूळ घरातच राहतं, त्यामुळे तिथे हात जपून घालावा. ८ बाय १० फुटांच्या खोलीत शेणाने सारवलेली जमीन काढून तीन इंच काँक्रीट आणि टाइल्स केल्या तर सगळे मिळून नऊ हजार. आठ फूट लांब, दोन फूट रुंद ग्रॅनाइटचा ओटा आणि त्याखाली कडप्प्याचे कप्पे, कापणी-घासणीसह सात हजार. ओट्यामागच्या टाइल्स दोन हजार, स्टीलचं सिंक आणि नळ तीन हजार, सांडपाण्याची नळी अडीच हजार, वीज सहा हजार, भिंतीतला पंखा दीड हजार, चुन्याचा हात तीन हजार, मजुरी नऊ हजारांच्या आत. मिळून बेचाळीस-त्रेचाळीस हजार, अडीअडचण धरून पन्नासच्या आत. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट देऊ नका. मातीच्या भिंतीला चुनाच मानवतो, ओल बाहेर येऊ देतो. ओट्यामागे टाइल्स हव्याच असतील तर आधी तेवढ्या भागात कडप्पा उभा करा आणि त्यावर लावा. ओट्याची उंची ३२ ते ३४ इंच ठेवतात, पण जी बाई तिथे रोज रांधते तिला उभं करून मोजा: कोपराखाली चार इंच.

प्लायवूडची कपाटं आणि ट्रॉल्या मी इथे सुचवणार नाही. जिथे खांबाला वाळवी लागते तिथे तो प्लाय फार दिवस टिकत नाही. कडप्प्याचे उघडे कप्पे आणि हवं तर त्यांना ॲल्युमिनियमची दारं एवढं पुरतं.

गॅसचं एक ध्यानात ठेवा. सिलेंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. ओट्याखाली सिलेंडर दार लावून बंद करणार असाल तर दाराला तळाशी भोकं हवीत, आणि खोलीच्या बाहेरच्या भिंतीतही जमिनीलगत एक झरोका हवा. सिलेंडर उभाच आणि शेगडीच्या खाली असावा. केशरी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. चूलही चालू राहणार असेल, आणि आपल्याकडे थंडीत ती राहतेच, तर चुलीवरचे कवेलू काढून धुराला उंच वाट द्या. विजेच्या सहा हजारांत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग आलंच पाहिजे. ओल्या हाताने मिक्सर लावताना माणूस त्याच्यावर वाचतो, म्हणून या खर्चाला कात्री कधीही लावू नका.

कामाची वेळ पैशावर परिणाम करते. कार्तिक पौर्णिमेच्या राममंदिराच्या जत्रेआधी उरकू म्हणून घाई करू नका. त्याच दिवसांत धान कापणीला येतं, मजूर शेतात असतात आणि मजुरी चढते. आषाढातल्या रोवणीतही तेच. धान विकून पैसा हाती आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत काम काढलं तर खड्ड्यांत पाणी नसतं आणि उन्हाळ्याआधी स्लॅबला पाणी मारून होतं. कवेलू फेरायचे असतील तर तेही याच वेळी करून घ्या. नंतर माणूस चढला तर नव्या न्हाणीचे पाइप तुटतात.

ठेका सरसकट देण्यापेक्षा कामागणिक दर लावून लिहून घ्या: भिंत चौरस फुटाने, टाइल्स चौरस फुटाने, पाइपचं काम नगावर. मलबा कोण उचलणार तेही लिहा. आगाऊ रक्कम पाव भागाहून जास्त देऊ नका. माल स्वतःच्या नावाने पक्क्या बिलावर घ्या, पाइप आणि सिमेंटवर आयएसआय खूण पाहा. माल खराब निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, बिल मात्र लागतं. मिस्त्रीचे दहा टक्के पहिला जोराचा पाऊस होऊन जाईपर्यंत राखून ठेवायचे, हे कागदावर त्याच्या सहीने पहिल्याच दिवशी असू द्या.