सूज उतरली तरी घोटा कच्चाच
घोटा मुरगळतो तो बहुधा उतरताना. घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. चढताना पाऊल वर ओढलं जातं, रुंद भाग खोबणीत येतो, सांधा घट्ट राहतो. उतरताना बोटं खाली झुकतात, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. अशा वेळी पायाखालचा दगड निसटला की तळवा आत वळतो आणि सगळा ताण बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधांवर येतो.

राजगडावरून गुंजवण्याच्या वाटेनं उतरताना माझं हेच झालं. घसाऱ्यावर पाय सरकला, आतून कट्‌कन आवाज आला. पायथ्याला पोहोचेपर्यंत घोट्यावर लिंबाएवढं टेंगूळ. तिथं एका जाणत्या गृहस्थानं ‘शीर चढलीय’ म्हणत तेल लावून अंगठ्यानं जोरात रगडलं. मदतीचीच भावना होती, पण नुकत्याच फाटलेल्या तंतूंना रगडलं की आतला रक्तस्राव वाढतो. पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, गरम शेकही नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, क्रेप बँडेज, आणि झोपताना पाय उशांवर उंच.

फ्रॅक्चरची शंका कधी घ्यायची, याचे निकष कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडले. घोट्याच्या हाडाचं टोक किंवा मागची कड दाबल्यावर दुखली, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा दुखला, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा. पावलाच्या आतल्या कडेला, कमानीच्या वरचं हाड दुखत असेल तरीही.

माझं हाड शाबूत निघालं. ‘सूज उतरली की झालं,’ एवढं सांगून दवाखान्यातून घरी पाठवलं. व्यायामाचा शब्दही कुणी काढला नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. कारण काही महिन्यांनी सपाट फुटपाथवर तोच पाय पुन्हा वळला. अस्थिबंधांत बारीक चेतातंतू असतात. पाऊल किती कललं याची खबर ते मेंदूला देतात. दुखापतीनंतर ती खबर उशिरा पोहोचते, आणि पाऊल सावरणारे पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायूही मागे पडतात. सूज उतरल्यानं यातलं काहीच आपोआप भरून येत नाही.

मला नीट उभं केलं ते फिजिओथेरपिस्टबाईंनी. आधी नुसती हालचाल: पलंगावर बसून पाऊल वर-खाली, मग अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं गिरवायची. दुखणं आटोक्यात आल्यावर रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं आणि सावकाश परत आणायचं. हे सावकाश परत आणणं बहुतेक जण टाळतात, पण मुरगळताना स्नायूला नेमकं तेच काम करावं लागतं. त्यानंतर ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. आणि रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं. ते जमलं की भिंतीजवळ उभं राहून, डोळे मिटून. सुरुवातीला पाऊल लटपटतं. लटपटू द्या, त्या सावरण्यातूनच ते शिकतं.

दुखऱ्या पायावर टाच उचलणं दुसऱ्या पायाइतकंच जमू लागलं आणि त्या एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या, की आधी जवळची सोपी टेकडी चढा-उतरा. गडाचा बेत त्यानंतर.