शरीराबाहेर अन्न पचविणारी बुरशी

पावसाळ्यात वसतिगृहाच्या दोरीवर दोन-दोन दिवस ओले राहिलेले सुती कपडे आणि त्यांवर उमटणारे काळे ठिपके आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असतील. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यालाही अशाच बुरशीने जेरीस आणले होते. पॅसिफिक महासागरातील बेटांच्या दमट हवेत सैनिकांचे सुती तंबू कुजून जात. अशा सडक्या कापडांवरून गोळा केलेल्या नमुन्यांपैकी सॉलोमन बेटांवरील एका हिरव्या बुरशीचा अभ्यास नॅटिक येथील सैनिकी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी दीर्घकाळ केला. तिला पुढे ‘ट्रायकोडर्मा रीसेई’ असे नाव मिळाले. नाशाचे कारण शोधता शोधता हाती लागलेली ही बुरशी आज जगभरच्या कारखान्यांत पोसली जाते.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. हजारो ग्लुकोज-घटकांच्या या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. बुरशीला ना तोंड, ना जठर. तिचे धाग्यासारखे कवकतंतू भक्कम पेशीभित्तिकेत बंद असतात. म्हणून ती अन्न आत घेऊन पचवत नाही. ती पाचक विकरे बाहेर सोडते आणि तयार झालेली साखर शोषून घेते. या कामात तीन प्रकारची विकरे एकमेकांना साहाय्य करतात. एक साखळीला मधूनच छेद देते, दुसरे साखळीच्या टोकापासून सरकत ग्लुकोजच्या जोड्या सुट्या करते, तिसरे त्या जोड्या फोडते.

ही विकरे म्हणजे प्रथिनेच. पेशीत ती घडत असतानाच त्यांच्या आरंभी ‘बाहेर पाठवावे’ अशा अर्थाचा, जणू पत्त्याच्या चिठ्ठीसारखा, एक छोटा खंड असतो. त्यामुळे ती आंतर्द्रव्यजालिकेत शिरतात. तेथे त्यांना योग्य घडी पडते आणि शर्करेचे रेणू जोडले जातात. घडी बिघडलेली प्रथिने नष्ट केली जातात. पुढे इवल्या पुटिकांत भरून ती मुख्यतः तंतूच्या वाढत्या टोकाकडे नेली जातात. तेथे पुटिका पेशीपटलाशी एकरूप होतात आणि विकरे बाहेर पडतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते याच्या आधीचे. न विरघळणारे सेल्युलोज पेशीच्या आत जाऊच शकत नाही. मग बाहेर अन्न आहे हे बुरशीला कळते कसे? ती थोडी विकरे सदैव सोडत असते. त्यांनी तोडलेले साखरेचे बारीक तुकडे आत पोहोचले की ‘एक्सवायआर-वन’ हे नियामक प्रथिन विकरांची जनुके जोमाने चालू करते. उलट, आयते ग्लुकोज मुबलक असेल तर ‘सीआरई-वन’ हे दुसरे प्रथिन तीच जनुके दाबून धरते. आयते मिळत असताना कष्ट कशाला, हा हिशेब बुरशीलाही कळतो!

कारखानदारांना मात्र हा हिशेब अडचणीचा होता. 1970 च्या दशकात अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात अतिनील किरणे व रसायने वापरून बुरशीत उत्परिवर्तने घडवण्यात आली आणि ‘रट-सी-30’ हा वाण निवडला गेला. त्याच्यातील सीआरई-वनचे जनुक तुटलेले आहे, हे नंतर उघड झाले. लगामच सैल झाला. आजचे औद्योगिक वाण एका लिटर द्रवात 100 ग्रॅमपर्यंत प्रथिन सोडतात, असे सांगितले जाते. जीन्सच्या कापडाला मऊपणा आणण्यासाठी, धुण्याच्या पावडरीत आणि काडीकचऱ्यापासून इथेनॉल करताना ही विकरे वापरतात.

वेचणी संपल्यावर आपल्याकडे शेतात उभी राहणारी पऱ्हाटी चुलीत जाते किंवा बांधावर पेटवली जाते. तिच्यातही सेल्युलोज भरपूर आहे. परंतु बोंडातील कापसासारखे ते उघडे नसते. लिग्निन नावाच्या कठीण द्रव्याने वेढलेले असते. म्हणून आधी उष्णता, आम्ल किंवा अल्कली वापरून ते आवरण सैल करावे लागते. त्याचा आणि विकरांचा खर्च मिळून पऱ्हाटीतील साखर उसाच्या साखरेपेक्षा महाग पडते. सध्या घोडे अडले आहे ते येथेच.