झाकणाखालची भाकर

घरी पहिल्यांदा ब्रेड भाजणाऱ्या बहुतेकांची फजिती एकाच प्रकारे होते. पीठ छान फुगतं, ओटीजीत जातं आणि बाहेर येतो तो एक फिकट, बसका गोळा. वरची साल जाड आणि चिवट, एका बाजूने फुटलेली, आतून गच्च. दिवाळीच्या सुट्टीत डिंडोलीच्या घरी माझे असे तीन ब्रेड झाले. चौथा जमला, आणि तो जमला आजीच्या एका अहिराणी वाक्यामुळे. इथे कृती तर देतोच, पण तिच्यामागचं कारणही देतो, कारण ते कळलं नाही की कृती दुसऱ्या ओटीजीत आणि दुसऱ्या ऋतूत फसते. मंडळ वाङ्मयाचं असल्यामुळे दोन-चार शब्दांचा हिशेबही वाटेत करू.

ज्यांनी डिंडोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: सुरत शहराच्या आग्नेयेला, उधन्याला लागून असलेली ही वस्ती. उधना-जळगाव रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर इकडून आलेली खानदेशी माणसं इथे गल्ल्यागल्ल्यांतून राहतात. पुष्कळांची रोजीरोटी लूमवर, बारा-बारा तासांच्या पाळीत. बाहेर गुजराती, शाळेत मराठी किंवा हिंदी, आणि चुलीपाशी अहिराणी. जेवणात कळण्याची भाकरी. ब्रेड म्हणजे दुकानातला पिशवीतला, आणि तोही कोणी तापाने पडलं तर चहाबरोबर.

त्यामुळे माझे तीन फसलेले ब्रेड घरात कौतुकाचा नाही, करमणुकीचा विषय झाले होते. तिसरा फसला त्या संध्याकाळी आजी भाकरी करत होती. मी बाजूला बसून तक्रार सांगत होतो, की फुगलेलं पीठ ओटीजीत गेल्यावर फुगायचं सोडून बाजूने फुटतंच कसं. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात पाण्यात बुडवून वरून फिरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पानी फिराव वर, नही ते तडकी जाई."

ती भाकरीबद्दलच बोलत होती की ब्रेडबद्दल, हे मला अजून नक्की माहीत नाही. पण ब्रेडचं सगळं शास्त्र त्या वाक्यात आहे.

भाकरी तव्यावर पडली की खालची बाजू भाजायला लागते. वरची बाजू तेवढ्या वेळात उघडी राहून वाळली, तर तिला भेगा पडतात. भेग पडलेली भाकरी फुगत नाही, कारण आतली वाफ त्या भेगेतून निघून जाते. पाण्याचा हात फिरवला की वरचा थर ओला आणि लवचिक राहतो. मग उलटून, भाजून, विस्तवाकडे धरली की वाफ आत कोंडते आणि पापुद्रा सुटतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून त्यात हजार बुडबुडे धरून ठेवता येत नाहीत. भाकरी एकच बुडबुडा करते, पण भाकरीएवढा.

गव्हाच्या आंबवलेल्या पिठात लहान लहान हजार बुडबुडे आधीच असतात. भट्टीत गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं ते झपाट्याने मोठे होतात आणि ब्रेड उंच होतो. या काळात वरची साल ओली, ताणली जाणारी पाहिजे. ती आधीच वाळून कडक झाली तर आतल्या फुगणाऱ्या पिठाला जागा उरत नाही. ते सालीचा कमजोर भाग शोधून तिथून फुटतं. माझे तीनही ब्रेड असेच फुटले होते.

बेकरीवाल्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. गोव्यातल्या पोदेराची घुमटाची, लाकडावर तापवलेली भट्टी घ्या. ती पावांनी भरली आणि तोंड बंद केलं की पावांतूनच निघालेली वाफ आत कोंडून राहते. उंडो, कांकण, कोंड्याची पोयी या सगळ्यांना ती वाफ मिळते. आपल्या ओटीजीला मात्र फटी असतात, आणि आत एकटाच ब्रेड. त्याची वाफ निघेल तशी बाहेर जाते.

यावरचा उपाय साधा आहे: ओटीजीच्या आत आणखी एक छोटी भट्टी ठेवायची. जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं भांडं आधी रिकामंच खूप तापवायचं, पीठ त्यात टाकायचं आणि झाकण लावायचं. हिशेब बघा. एक ग्रॅम पाण्याची उकळबिंदूला साधारण १.७ लिटर वाफ होते, म्हणजे पाच लिटरचं भांडं भरायला तीन ग्रॅम पाणी पुरे. चारशे ग्रॅम पिठाचा ब्रेड भाजताना ऐंशी ते शंभर ग्रॅम पाणी सोडतो. पाणी शिंपडायची, ट्रेमध्ये बर्फ ठेवायची गरजच नाही. झाकण आहे तोवर ब्रेड स्वतःच स्वतःवर पाण्याचा हात फिरवत असतो.

ही युक्ती जगभरच्या घरांत पोचली ती न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरमुळे. ८ नोव्हेंबर २००६ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये मार्क बिटमन यांनी त्याची कृती छापली: न मळता, अगदी चिमूटभर यीस्ट घालून, बारा ते अठरा तास तसंच ठेवलेलं पीठ, आणि मग झाकणाच्या भांड्यात भाजणं. मळण्याचं काम वेळ करते. पिठात पाणी भरपूर असलं की गव्हातला चिवटपणा, ज्याला ग्लुटेन म्हणतात, आपोआप जुळत जातो, आणि यीस्टचे बुडबुडे त्याला आतून हलवत, ताणत राहतात.

पण झाकणाखाली भाजणं हे काही अमेरिकेचं नाही. कोकणात काकडीचं धोंडस जाड पातेल्यात, खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत आले आहेत. गोव्यात बेबिंकेचा प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांवरच लाल होतो. लेहीच्या कृतीतलं नवं काय, तर भांडं आधी तापवणं आणि अर्ध्या वाटेत झाकण काढणं.

आता कृती. डिंडोलीत जमली ती अशी.

मैदा ३०० ग्रॅम, चक्कीवरची कणीक १०० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम (सपाट दीड चमचा), इन्स्टंट यीस्ट पाव चमचा, पाणी ३०० मिलि. चमचा म्हणजे पाच मिलिचा मापाचा चमचा. आपला मैदा परदेशी ब्रेडच्या पिठाइतका चिवट नसतो, म्हणून लेहीच्या मापापेक्षा पाणी थोडं कमी घेतलं आहे. उलट चक्कीच्या कणकेत दळताना पिष्टाचे कण जास्त फुटतात, त्यामुळे ती पाणी जास्त पिते. नुसत्या कणकेचा ब्रेड करायचा तर पाणी वाढवा, आणि तो थोडा बसकाच होईल हे मान्य करून चाला.

सगळं एका मोठ्या भांड्यात चमच्याने कालवायचं. मळायचं नाही. पीठ भजीच्या पिठाहून घट्ट आणि पोळीच्या कणकेहून पुष्कळ सैल दिसेल, हाताला चिकटेल. घाबरून वरून पीठ घालू नका. माझा दुसरा ब्रेड त्यानेच दगड झाला.

झाकून ठेवायचं. किती वेळ? इथे पुस्तकातलं घड्याळ चालत नाही. सुरतेच्या डिसेंबर-जानेवारीत बारा-चौदा तास लागतात. मे महिन्यात पाच-सहा तासांतच पीठ आंबट होऊन खाली बसू लागतं, तेव्हा यीस्ट अगदी चिमटीभर घ्या किंवा काही तास फ्रिजमध्ये ठेवा. पीठ दुप्पट झालं, वर बुडबुडे दिसू लागले, भांडं हलवलं की थुलथुललं, की तयार. थंडीच्या दिवसांत ही वेळ आमच्या घराला सोयीची निघाली. पप्पा रात्रपाळीला निघताना पीठ कालवायचं, ते सकाळी परत येतात तेव्हा ते फुगून वर आलेलं असतं.

ओट्यावर पीठ भुरभुरवून गोळा काढायचा, चारी बाजूंनी पदरासारखा दुमडून वळायचा आणि पीठ लावलेल्या फडक्यात तासभर विसावू द्यायचा. त्यातला शेवटचा अर्धा तास रिकामं भांडं झाकणासकट ओटीजीत २३० अंशांवर तापवायचं. भांडं बिडाचं उत्तम. जाड अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही चालतं. बेकलाइटचा दांडा किंवा प्लॅस्टिकची गुंडी असलेलं मुळीच नको. मातीची हंडी तापलेल्या ओटीजीत एकदम ठेवली की तडकते. ती वापरायचीच तर थंड ओटीजीतच ठेवून हळूहळू तापवा. आणि भांडं विकत घेण्याआधी ओटीजीत मावतं का ते मोजा. आम्ही मोजलं नव्हतं, झाकणाची कडी वरच्या कॉइलला लागत होती.

गोळा तापलेल्या भांड्यात सोडताना दोन्ही हातांत जाड फडकी पाहिजेत. वरून सुरीने एक खोल चीर द्यायची, म्हणजे फुटायचंच तर आपण सांगू तिथे फुटेल. झाकण लावून तीस मिनिटं. मग झाकण काढायचं. तेव्हा ब्रेड उंच झालेला असतो, पण रंग फिकाच, वर ओलसर चमक. इथे पुष्कळजण "झाला" समजून काढतात. खरा रंग यापुढच्या पंधरा-वीस मिनिटांत येतो. ब्रेडचा आतला भाग पाण्यामुळे शंभर अंशांच्या वर जातच नाही. साल मात्र वाळली की दीडशेच्या पुढे जाते, आणि तो तांबूस रंग, तो वास तिथेच तयार होतो. वाफेत सालीवरचं पिष्ट शिजून पातळ, चकचकीत थर झालेला असतो, तोच आता वाळून कुरकुरीत होतो. म्हणजे आधी ओलावा आणि मग कोरडेपणा, याच क्रमाने. सगळा वेळ झाकण ठेवलं तर साल मऊ राहील. सगळा वेळ उघडं ठेवलं तर चिवट.

ओटीजी नसेल तर? गॅसवर बिडाच्या कढईत झाकून करून पाहिलं. खालून भाजतो, वरून पांढरा राहतो, मध्ये उलटावा लागतो. हाती येते ती जाड, चवीला बरी, बट्टीची चुलत बहीण. धोंडसासारखे झाकणावर निखारे ठेवायची सोय असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या शेजारच्या वहिनींचा ओटीजी केकच्या ऑर्डरी नसतील तेव्हा मोकळा असतो. तापवण्यापासून उतरवेपर्यंत जास्तीत जास्त दोन युनिट वीज जाते, आणि वहिनींचा अर्धा ब्रेड.

आता शब्दांकडे. इंग्रजीत ‘क्रस्टी’ म्हटलं की काम भागतं. मराठीत मात्र तीन शब्दांत निवड करावी लागते. कुरकुरीत म्हणजे चावताना आवाज होतो ते. खुसखुशीत म्हणजे मोहनामुळे तोंडात भुगा होतो ते, नानकटाईसारखं. आणि खरपूस म्हणजे भाजण्याचा रंग आणि वास. चांगल्या ब्रेडची साल कुरकुरीत आणि खरपूस असते, खुसखुशीत कधीच नसते. पाककृती लिहिणारे हे तिन्ही शब्द सरसकट वापरतात, ते खटकतं.

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला. पायाने तुडवतात म्हणून किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, या नुसत्या गोष्टी. पण त्या गोष्टींत जुना संशय आहे: हे पीठ परक्या हाताने भिजवलेलं, गोव्यात तर माडाच्या सुरेने आंबवलेलं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्याचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि टिळक, रानडे यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्या काळच्या घरात पाव कसा येणार? सुरतेत मात्र बेकरी जुनी आहे. दोटीवाला या पारशी घराण्याची बेकरी १८६१ पासूनची. डच लोकांकडून भट्टी हाती आली, पीठ ताडीने आंबवत आणि न खपलेला ब्रेड वाळून त्याचीच बिस्किटं झाली, असं तिथे सांगतात.

मराठी बायबलात मात्र पाव नाही, भाकर आहे. कॉलेजच्या चॅपलमध्ये तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला घरचीच कळण्याची भाकर दिसली. भाषांतरकारांची निवड मला योग्य वाटते. पाव म्हटलं असतं तर ते जेवण कोणा साहेबाचं झालं असतं. पण तिथेच एक गमतीची अडचण उभी राहते. ‘बेखमीर भाकर’ हा शब्दप्रयोग घ्या. मूळ गोष्टीत तो महत्त्वाचा आहे: मिसर देशातून निघताना घाई होती, पीठ आंबायला वेळ नव्हता. मराठी स्वयंपाकघरात मात्र भाकर बेखमीरच असते. खमीर घातलेली भाकर आजीने उभ्या जन्मात पाहिलेली नव्हती, त्यामुळे ‘बेखमीर’ म्हणजे नेमकं काय कमी आहे हे तिला सांगून कळत नव्हतं.

चौथा ब्रेड उतरवला तेव्हा तो जाळीवर ठेवला. थंड होताना साल आकसते आणि बारीक तडतडते. आजीने कान जवळ नेला. तळाला बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज आला. "फुगनी," ती म्हणाली. स्त्रीलिंगी. तिच्या लेखी ती भाकरच होती.

लगेच कापू नका, तासभर तरी थांबा, नाहीतर आतला भाग सुरीला गिचका लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. आतला ओलावा सालीत उतरतो आणि संध्याकाळपर्यंत ती रबर होते. पावसाळ्यात सुरतेच्या हवेत तर पिशवीचीही गरज नाही. सुती फडक्यात गुंडाळा आणि खायच्या वेळी तव्यावर पाच मिनिटं गरम करा. फ्रिजमध्ये ब्रेड लवकर शिळा होतो. तिसऱ्या दिवशी जे उरेल त्याचा कुस्करा करून कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी द्या. आमच्याकडे दुसऱ्या दिवसापलीकडे उरलेला नाही.